जंगल नसलेल्या शहरातलं वनशास्त्र

दिल्ली मेट्रोच्या मजेंटा लाइनचं नोएडाकडचं टोक म्हणजे ‘बॉटनिकल गार्डन’ स्टेशन. तिथून गाडीत बसलं की पुढचं स्टेशन ‘ओखला बर्ड सँक्चुअरी’. नुसती नावं वाचली तर वाटावं, ही गाडी रानातूनच जाते. खिडकीतून दिसतात ते मात्र काचेचे मनोरे, एक्स्प्रेसवेवर तुंबलेल्या मोटारी आणि ‘रेडी टू मूव्ह’ फ्लॅटच्या पाट्या. बॉटनिकल गार्डनला ब्ल्यू लाइन आणि मजेंटा लाइन एकमेकींना भेटतात, त्यामुळे स्टेशनात कायम झुंबड. त्या झुंबडीतल्या किती जणांनी स्टेशनच्या नावामागची बाग पाहिली असेल, कोण जाणे! बाग खरोखरच आहे. सेक्टर ३८-अ मध्ये, चांगली ऐसपैस. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभाग ती सांभाळतो आणि देशातल्या दुर्मीळ होत चाललेल्या वनस्पती तिथे लावून जपल्या जातात.

याच पट्ट्यात, यमुनेच्या बाजूला, सेक्टर १२५ मध्ये ॲमिटी विद्यापीठ आहे. उत्तर प्रदेशच्या कायद्याने २००५ मध्ये स्थापन झालेलं खासगी विद्यापीठ. इंजिनिअरिंग, एमबीए, कायदा यांच्या गर्दीत तिथे वनविद्या आणि वन्यजीव यांची एक संस्थाही आहे आणि वन्यजीवशास्त्रात एमएस्सी करता येते. आता गंमत बघा. नोएडा ज्या गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात येतं, त्याचं वनाच्छादन एकूण क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांच्याही आत आहे. आपल्या गडचिरोलीत हाच आकडा दोन तृतीयांशाच्या घरात जातो. म्हणजे समुद्र नसलेल्या गावात नाविकशास्त्र शिकण्यातला प्रकार, असं कुणीही हसून म्हणेल. महाराष्ट्रातून इकडे मुलांना पाठवणारे आईबापही हेच विचारतात: अहो, तिथे जंगल कुठाय?

प्रश्न रास्त आहे. पण ओखल्याच्या बंधाऱ्यावर हिंडताना आणि शिकणाऱ्या पोरांशी बोलताना माझं मत दुसऱ्या बाजूला झुकत गेलं. मेळघाटात उभं राहिलं की जंगल कशाला म्हणायचं हा प्रश्न डोक्यात येतच नाही. ते समोर असतं. नोएडात मात्र पावलोपावली तोच प्रश्न उभा राहतो, कधी कोर्टात, कधी बिल्डरच्या ऑफिसात, कधी उपग्रहाच्या नकाशावर. आणि वनशास्त्राचा निम्मा अभ्यास, मला विचाराल तर अर्ध्याहून जास्त, याच प्रश्नाचा आहे.

नोएडाचा जन्म आणीबाणीतला. १७ एप्रिल १९७६ रोजी ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ स्थापन झाली आणि तिच्या आद्याक्षरांचंच शहर झालं. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांमधली ही शेतीची जमीन. गहू, ज्वारी, ऊस, विहिरीकाठी कडुनिंब. इथे दाट अरण्य वगैरे नव्हतंच. पुढे यमुनेवर ओखल्याचा नवा बंधारा झाला, पाणी फुगलं, काठावर पाणकणसाचं रान माजलं आणि पक्षी उतरू लागले. १९९० मध्ये सुमारे चार चौरस किलोमीटरच्या त्या टापूला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. बंधारा माणसाने बांधला, त्यातून अभयारण्य आपोआप झालं. तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद इथे झाली आहे. डिसेंबरात गेलात तर तलवार बदकं, थापट्या, चक्रवाक, वारकरी पाण्यावर अंथरल्यासारखे दिसतील. आणि त्याच पाण्यावर थोडं पुढे कालिंदी कुंजपाशी साबणाचा असावा तसा पांढरा फेस. शहराच्या सांडपाण्यातल्या डिटर्जंटची ती करामत. छटपूजेच्या वेळी त्या फेसात उभ्या राहिलेल्या बायकांचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतीलच.

या अभयारण्याला अगदी लागून एक मोठा बगीचा होता. नोएडा प्राधिकरणाने १९९४-९५ पासून पुढची बारा-तेरा वर्षं तिथे झाडं लावली होती. २००८ च्या सुमारास तिथे दलित प्रेरणास्थळ उभारायचं ठरलं आणि सहा हजारांहून अधिक झाडं तोडली गेली. शेजारच्या सेक्टरातले रहिवासी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: एवढी झाडं एका जागी म्हणजे जंगल, आणि जंगल तोडायचं तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची परवानगी हवी. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंच होतं की ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ घ्यायचा, जमीन कोणाच्या मालकीची आहे ते बघायचं नाही. उपग्रहाच्या चित्रांतही ती जागा हिरवीगार.

३ डिसेंबर २०१० रोजी निकाल आला. सरन्यायाधीश कपाडियांच्या खंडपीठाने म्हटलं की शहरी बाग करायच्या हेतूने लावलेल्या झाडांचं दहा-बारा वर्षांत वन होत नाही; जी जमीन आजवर शेतीची होती ती अशाने वनजमीन ठरत नाही. देहरादूनची वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादन मोजताना जी व्याख्या वापरते ती वेगळी, आणि कायद्यातलं वन वेगळं. काही अटी घालून बांधकाम पुढे चालू झालं आणि १४ ऑक्टोबर २०११ रोजी मायावतींनी त्याचं उद्घाटन केलं. ही तारीख मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. बाबासाहेबांचा आणि कांशीरामांचा पुतळा तिथे आहे, आणि जागेच्या नावात ‘ग्रीन गार्डन’ हे शब्दही आहेत.

हा निकाल बरोबर की चूक, यावर ओखल्याच्या चहाच्या टपरीवर अजून वाद घालता येतो. मला त्यातलं एक वाक्य पटतं, एक पटत नाही. बाग म्हणजे वन नव्हे, हे कुठल्याही वनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात कळतं. वनात झाडांच्या वयाची उतरंड असते, खाली रोपं असतात, कुजलेला पालापाचोळा असतो, झाड मेलं तर त्याच्या जागी दुसरं आपसूक येतं. बागेत माळी येतो. पण वन व्हायला किती वर्षं लागतात, हे हेतूवर कसं ठरणार? इथून नदीच्या वरच्या अंगाला, वझिराबादजवळ, दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली खारवलेल्या उजाड जमिनीवर यमुना जैवविविधता उद्यान उभं केलं. तेही माणसाने ठरवून लावलेलं. २०१६ च्या अखेरीस तिथे चक्क बिबट्या येऊन राहिला. बिबट्याने काही निकालपत्र वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सीमारेषेची. अभयारण्याभोवती संवेदनशील क्षेत्र किती ठेवायचं हे ठरलं नव्हतं, म्हणून ऑक्टोबर २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दहा किलोमीटरच्या आतल्या इमारतींना पूर्णत्वाचा दाखला देऊ नका असा आदेश दिला. दहा किलोमीटर म्हणजे जवळजवळ अख्खं नोएडा. हजारो लोकांचे फ्लॅट बांधून तयार, हप्ते चालू, चावी मात्र नाही. बदकांवर इतकं चिडलेलं मध्यमवर्गीय शहर देशात दुसरं झालं नसेल. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्राची अधिसूचना निघाली: पूर्व, पश्चिम, दक्षिण या तिन्ही बाजूंना १०० मीटर आणि उत्तरेला १.२७ किलोमीटर. दहा किलोमीटरचे शंभर मीटर झाले. ही शंभर मीटरची रेघ कोणत्या शास्त्राने आली, हे वर्गात विचारलं की चांगला मास्तर हसतो आणि पक्षी रात्री कुठे चरायला जातात, भूजल कोणत्या दिशेने वाहतं, प्रकाश किती लांब पोहोचतो, यावर दोन तास बोलतो. वाईट मास्तर अधिसूचनेचा क्रमांक पाठ करून घेतो.

बंधाऱ्यावर एका सकाळी पोरांचं प्रात्यक्षिक चाललं होतं. धुकं इतकं की पलीकडचा काठ दिसत नव्हता. जमिनीवर सुतळीने आखलेला दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन, चार कोपऱ्यांत खुंट्या. आत जवळपास सगळी विलायती कीकर. आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात जिला वेडी बाभूळ म्हणतात तीच. मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी आणली, आणि दिल्लीच्या कातळावर तिने असा काही ताबा घेतला की आता देशी झाडांना पाय ठेवायला जागा शोधावी लागते. एका मुलीने खांद्याच्या जरा खाली खडूने खूण केली. जमिनीपासून १.३७ मीटर. वनखात्यात याला छातीची उंची म्हणतात आणि घेर नेहमी इथेच मोजतात. उतारावरचं झाड असेल तर चढाच्या बाजूने. टेप झाडाला घट्ट वेढायचा, पण सालीत रुतू द्यायचा नाही. गाठ किंवा फुगवटा आला तर तेवढं टाळून वर किंवा खाली मोजायचं.

तिथे वाद निघाला. बाभळीचं खोड जमिनीपासून वीतभर उंचीवरच तीन फाट्यांत फुटलेलं. एक झाड लिहायचं की तीन? एकजण म्हणाला मूळ एक तर झाड एक. मुलगी म्हणाली, फाटा छातीच्या उंचीच्या खाली आहे, तीन लिही. तिचं बरोबर होतं. नियम तसाच आहे. मग छत्र मोजायची पाळी आली. चौकोन आखलेला बहिर्गोल आरसा तळहातावर धरायचा, त्यात वरच्या फांद्यांचं प्रतिबिंब पडतं. किती चौकोन हिरवे, किती मोकळे, हे चार दिशांना तोंड करून मोजायचं आणि सरासरी काढायची. दहा टक्क्यांच्या वर छत्र आणि एक हेक्टरच्या वर क्षेत्र असलं की वन सर्वेक्षणाच्या नकाशात ते वनाच्छादन. मग ती जमीन कोणाची, झाड कोणतं, देशी की परदेशी, लावलेलं की उगवलेलं, काही फरक पडत नाही. या हिशेबाने कोकणातली मोठी हापूसची बाग वनाच्छादनात मोडू शकते आणि पुणे-सोलापूर रस्त्याकडेचं माळढोक-लांडग्यांचं गवताळ रान मोडत नाही. देशाचं वनाच्छादन वाढलं अशी बातमी दर दोन वर्षांनी येते, तेव्हा हे डोक्यात असलेलं बरं.

खडूची खूण करणारी मुलगी चंद्रपूर जिल्ह्यातली निघाली. मराठी ऐकून चेहरा खुलला. मी विचारलं, ‘‘ताडोबा दाराशी टाकून इथे कशाला आलीस गं?’’

‘‘काका, आमच्याकडे वाघ बघायला तिकीट लागत नाही, तोच घरी येते,’’ ती म्हणाली. ‘‘गावात सगळ्यांना वाटते, ही शिकून सफारीत गाइड होईल. मला नकाशे शिकायचे आहेत. कोणती जमीन वनाची, कोणती गावाची, यावरूनच आमच्याकडची सगळी भांडणं होतात.’’

तिच्या बोलण्यात थट्टा कमीच होती. मे २०२५ मध्ये त्याच जिल्ह्यात, सिंदेवाही परिसरात, तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. मोहफुलं आणि तेंदूपाने यांचा हंगाम म्हणजे विदर्भातल्या जंगलकाठच्या गावांची रोकड कमाई, आणि तोच मृत्यूचाही हंगाम. दिल्लीच्या कॅफेत बसून ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ या विषयावर शोधनिबंध लिहिणाऱ्या वीस जणांपेक्षा टेप वापरता येणारी अशी एक मुलगी मला जास्त भरवशाची वाटते.

वाघाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. वन्यजीव हा शब्द अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावर असला की अर्ज वाढतात, हे मी एकाहून अधिक प्राध्यापकांकडून ऐकलं. मुलं येतात ती मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन. गवत ओळखायला मात्र कोणी तयार नसतं. आणि हरणं गवत खातात, वाघ हरणं खातो. गवताच्या जाती न ओळखता व्याघ्रशास्त्र कसलं करणार? वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून ठेवायच्या, ओल धरू नये म्हणून कागद रोज बदलायचे, वाळल्या की जाड कागदावर चिकटवून कोपऱ्यात जात, जागा, तारीख, कोणी गोळा केली हे लिहायचं, हे कंटाळवाणं काम ज्या विभागात अजून मन लावून करून घेतलं जातं तो विभाग चांगला, अशी माझी एक ढोबळ कसोटी आहे.

आपल्या देशात ही विद्या विद्यापीठात फार उशिरा आली. सुरुवात झाली ती नोकरीतून, आणि त्या सुरुवातीचा एक धागा आपल्या पुण्याजवळ आहे. कंपनी सरकारचा एक स्कॉटिश डॉक्टर, अलेक्झांडर गिब्सन, १८३८ पासून दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. जुन्नर तालुक्यात हिवऱ्याला त्याची औषधी वनस्पतींची बाग होती. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या काळी वनस्पतिशास्त्र शिकवलं जायचं वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, म्हणून जंगलं सांभाळायला पहिल्यांदा डॉक्टर आले. पुढे १८६४ मध्ये जर्मन डिट्रिख ब्रँडिस पहिला इन्स्पेक्टर जनरल झाला, १८७८ मध्ये देहरादूनला वनशाळा निघाली, १९०६ मध्ये वन संशोधन संस्था. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्या काळी वनखात्यासाठी वर्ग भरत. सगळ्यांचा हेतू एक: रेल्वेचे स्लीपर आणि जहाजांना साग पुरवणारे अधिकारी तयार करणं. आधी नोकरी, मग शिक्षण. १८८३ मध्ये जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा डोंगर आणि गायरानं गिळणाऱ्या या जंगलखात्यावरही कोरडे ओढले. वनशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ब्रँडिस असतो. जोतीराव क्वचित असतात. ते असायला हवेत.

स्वातंत्र्यानंतरही क्रम तोच राहिला. मारुती चितमपल्ली सोलापूरहून निघाले ते वनखात्याच्या प्रशिक्षणासाठी कोइमतूरला, १९५८ मध्ये. पदवी घेऊन मग जंगलात शिरलेले ते नव्हेत. खात्याने त्यांना शिकवलं आणि त्यानंतर नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटातल्या माणसांनी. संस्कृत त्यांनी नोकरीत असताना शिकून घेतलं, पक्ष्यांची नावं गावकऱ्यांकडून गोळा केली. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा बऱ्याच लेखांतून त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हटलं गेलं. मला ते नेहमी आधी रेंजर वाटले, म्हणजे रोजनिशी लिहिणारा, हिशेब ठेवणारा माणूस. त्यांच्या लेखनातली नेमक्या तपशिलाची सवय तिथलीच आहे.

विद्यापीठांनी वनशास्त्राची पदवी द्यावी अशी शिफारस राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये केली. त्यानंतर १९८५ च्या सुमारास कृषी विद्यापीठांतून बीएस्सी वनशास्त्र सुरू झालं. महाराष्ट्रात दापोली आणि अकोला. चार वर्षांचा अभ्यासक्रम: वनवर्धन, वनमापन, वृक्षशास्त्र, मृदा, वनोपज, शेतीवनीकरण, वन्यजीव, वनकायदा, आणि वनखात्यासोबत प्रत्यक्ष कामाचा काळ. दापोलीच्या मुलांना सह्याद्री पाठीशी आहे, देवराया आहेत, काजू-बांबूचे शेतकरी आहेत. अकोल्याला मेळघाट जवळ. नोएडातल्या खासगी विद्यापीठाच्या मानाने तिथली फीही कितीतरी कमी. एवढं असून या दोन महाविद्यालयांची नावं आपल्याकडे बारावीच्या पालकांना ठाऊक नसतात, ही मात्र खरी कमाल आहे.

कारण उघड आहे. पदवी घेतल्यावर पुढे काय, याचं उत्तर सरळ नाही. भारतीय वनसेवेची परीक्षा वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, गणित, भौतिकशास्त्रवाल्यांनाही खुली आहे, इंजिनिअरलाही. अलीकडे वर्षाला जागा साधारण दीडशे. अर्ज करणारे लाखोंनी. शेवटच्या टप्प्यावर पुरुषांना चार तासांत २५ किलोमीटर आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं. ही एक गोष्ट त्या परीक्षेत अस्सल जंगलातली आहे. राज्यात एमपीएससीमार्फत सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल भरले जातात. तिथेही इतर विज्ञान शाखांशी स्पर्धा. डॉक्टर व्हायला वैद्यकाची पदवी लागते, वकील व्हायला कायद्याची. जंगलाचा अधिकारी व्हायला वनशास्त्राची पदवी मात्र लागत नाही. वनशास्त्र पदवीधरांची ही तक्रार जुनी आहे आणि मला ती बऱ्याच अंशी मान्य आहे. कर्नाटकात वनक्षेत्रपालांच्या जागांत वनशास्त्राच्या पदवीधरांचा राखीव हिस्सा कमी केला तेव्हा सिरसी आणि पोन्नमपेटची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर बसली होती.

‘बऱ्याच अंशी’ म्हणालो, कारण नुसत्या पदवीनेही काही होत नाही. आरामखुर्चीत बसून मिळवलेली पदवी आणि रानात झिजवलेले बूट यांत बूटच खरे. पण दोन्ही असलेली माणसं आज तयार होत असताना खात्याने त्यांना एका ओळीत इतरांसोबत उभं करावं, यात शहाणपण दिसत नाही.

नोएडाकडच्या मुलांनी वेगळी वाट धरली आहे. इथे आणि गुरुग्रामात नकाशे आणि उपग्रहचित्रांवर काम करणाऱ्या कंपन्या भरपूर. एस्री इंडियाचं मुख्यालय नोएडातच आहे. पर्यावरणीय परिणामांचे अहवाल लिहिणाऱ्या सल्लागार संस्था आहेत, कार्बनचे हिशेब मांडणाऱ्या आहेत. वनशास्त्राचा विद्यार्थी इथे खपतो. पण या धंद्याची दुसरी बाजू कोकणाने पाहिली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीसाठी केलेल्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे जसेच्या तसे आले होते. रत्नागिरीच्या सड्यावर रशियातली झाडं! कार्यालयातच बसून लिहिलं की असं होतं. सुतळीचा चौकोन आखून, तीन फाट्यांच्या बाभळीवर वाद घालून आलेल्या माणसाला असला अहवाल सहीसाठी पुढे आला तर निदान हात आखडता येतो.

ओखल्याच्या फाटकावरच्या चौकीदाराला मी विचारलं, ये बच्चे यहाँ क्या सीखते हैं? तो म्हणाला, ‘‘गिनती करते हैं साहब, पेड़ भी, चिड़िया भी।’’ व्याख्या म्हणून ही काही वाईट नाही.

मोजण्याचं हे काम आपल्याकडे किती तातडीचं आहे ते सांगून थांबतो. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत, महसुली कागदांवर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. मुरमाड, खुरटी झुडपं, गुरं चारायची जागा. त्यावर वर्षानुवर्षं शाळा झाल्या, घरं झाली, दवाखाने झाले, स्मशानं झाली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की झुडपी जंगल हे गोदावर्मन खटल्यातल्या १९९६ च्या आदेशानुसार वनच आहे. त्या आदेशाआधी दिलेल्या जमिनींना मात्र सवलतीची वाट ठेवली. गवई स्वतः अमरावतीचे, त्यांना झुडपी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. राज्य सरकारच्या म्हणण्याप्रमाणे ८६,४०९ हेक्टर जमीन वनव्यवस्थापनाला योग्य नाही, तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे. नोएडात लावलेली झाडं वन ठरली नाहीत, विदर्भात झाडं नसलेली माळरानं वन ठरली. दोन्ही निकालांमागे कायद्याचा विचार आहे. पण कोणत्या गटात खरोखर काय उगवतं, कोणता तुकडा जंगलाला जोडलेला, कोणता बसस्टँडमागे अडकलेला, हे न्यायालय जाऊन बघू शकत नाही.

हे बघायला वनशास्त्राची मुलं पाठवा. अकोला आणि दापोलीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तलाठी आणि वनरक्षकासोबत प्रत्येक गटावर उभं करा, हातात टेप आणि आरसा द्या, गावातल्या गुराख्याला सोबत घ्या आणि त्यांनी केलेली नोंद सरकारी दफ्तरात अधिकृत धरा. त्याचे श्रेयांक द्या, भत्ता द्या, आणि पुढे भरतीच्या वेळी त्या कामाला गुण द्या. नोएडाला गेलेली आपली मुलंही सुट्टीत येतील; नकाशे त्यांना चांगले येतात. आणि ज्यांची मुलं यंदा बारावीला आहेत त्यांनी प्रवेशाआधी कुठल्याही महाविद्यालयात जाऊन एवढंच विचारावं की वर्षातले किती दिवस तुम्ही मुलांना वर्गाबाहेर नेता, आणि त्यांनी स्वतः वाळवून लावलेल्या वनस्पतींचे कागद दाखवाल का.